वाट वाकडी केली

भाषांतरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं, ते आम्ही ठेवलेलं. आमच्या बस डेपोत चालक, वाहक, मेकॅनिक सगळे मराठीत बोलायचे, मराठीत भांडायचे आणि मराठीतच रजेचे अर्ज खरडायचे. मुख्य कचेरी मात्र दुसऱ्या शहरात होती आणि तिथल्या साहेबलोकांना इंग्रजीखेरीज काही वाचता येत नसे, किंवा वाचायचं नसे. म्हणून मधे हा एक माणूस बसवला होता. खालून आलेलं मराठी तो इंग्रजीत करायचा, वरून आलेलं इंग्रजी मराठीत. मी त्यांच्यासमोर बसून दोन्ही टाइप करायचे. अशी अकरा वर्षं गेली.

आमची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. खिडकीखाली बसगाड्या धुवायचं आवार होतं, त्यामुळे खोलीत बारा महिने ओल्या रबराचा वास. दोन टेबलं, एक कपाट, भाषांतऱ्यांचे दोन शब्दकोश (त्यातल्या एकाचं पुठ्ठ्याचं कव्हर केव्हाच गेलेलं) आणि माझे दोन टाइपरायटर, एक मराठी आणि एक इंग्रजी, ज्यातल्या इंग्रजीचं 'ई' अक्षर मनाला येईल तेव्हा उठायचं.

भाषांतऱ्यांची कामाची एक पद्धत होती. त्यांच्याकडे एक-एक फुटाच्या दोन लाकडी पट्ट्या होत्या. मूळ कागद टेबलावर ठेवला की एक पट्टी ओळीच्या वर आणि एक खाली, अशा ठेवायच्या. मधल्या फटीत एकच ओळ दिसायची. ती झाली की दोन्ही पट्ट्या खाली सरकायच्या.

"नजर भरकटत नाही याने," ते म्हणायचे. "नजर भरकटली की भाषांतर गेलंच."

"अहो, पण मागचं-पुढचं दिसायला नको का?" मी एकदा विचारलं होतं.

"टायपिस्टबाई, मागचं-पुढचं लिहिणाऱ्यानं बघावं. मी समोरचं बघतो."

तसा माणूस सज्जन, अगदी नाकासमोर चालणारा. हे मी कौतुकानं म्हणत नाही, खरोखरच ते नाकासमोर चालायचे. घरून डेपो, डेपोतून घर, सव्वीस वर्षं एकच फूटपाथ. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, "येताना भाजी आणा म्हटलं तर म्हणतात, बाजार रस्त्यात नाही."

त्यांचा एकच दोष होता. साध्या शब्दाशी त्यांचं वाकडं होतं. समासात पेन्सिलीनं तीन पर्याय लिहायचे आणि त्यातला जो अंगानं भरलेला असेल त्याच्याभोवती गोल करायचे. चालक 'गेला' असं लिहायचा आणि यांच्या इंग्रजीत तो 'प्रस्थान' करायचा. मुख्य कचेरीला आमचे चालक फार शिकलेले वाटत असणार.

आता पाच नंबरबद्दल सांगते. तोही एक माणूसच. पाच नंबरची बस बावीस वर्षं चालवली म्हणून त्याला सगळे पाच नंबर म्हणायचे. उंच, हडकुळा, बोलायला अत्यंत चिक्कू. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. त्याची गाडी आली की लोक घड्याळं लावून घेत, असं म्हणायचे. त्याच्या बायकोला मी ओळखत होते. ती डेपोसमोरच्या शिवणकामाच्या दुकानात काजं करायला बसायची आणि दुपारी त्याचा डबा स्वतः आणून द्यायची.

एका दुपारी पाच नंबर शेवटच्या थांब्याकडे निघाला होता. बाकीचे प्रवासी उतरून गेलेले, मागच्या सीटवर फक्त एक बाई उरलेल्या. त्या नुकत्याच इस्पितळातून सुटल्या होत्या, डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. त्यांचं घर शेवटून दुसऱ्या थांब्यापासून दोन गल्ल्या आत. त्यांना उतरताना पाहून पाच नंबर म्हणाला, "बसा," आणि मोठा रस्ता सोडून बस सरळ त्यांच्या गल्लीत घातली. दारात सोडलं. परत वळवताना आरसा एका भिंतीला लागला आणि फुटला. गाडी सात मिनिटं उशिरा पोचली. नेमका त्या दिवशी शेवटच्या थांब्यावर तपासनीस उभा होता. त्याने वाहकाला विचारून लिहून घेतलं : गाडी ठरलेल्या रस्त्यावर नव्हती, आत एक महिला होती, आरसा फुटला.

हे सगळं डेपोत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. पाय, प्लास्टर, गल्ली, भिंत, सगळं. सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच ते कुणी लिहिलं नाही.

स्पष्टीकरणाचा छापील फॉर्म होता, त्यात टिंबांच्या तीन ओळी. बोलायला चिक्कू माणसाला तीन ओळी म्हणजे चंगळ. पाच नंबरने लिहिलं :

त्या बाईंसाठी मी वाट वाकडी केली. चूक माझी आहे. पुन्हा असं होणार नाही.

कागद भाषांतऱ्यांकडे आला. पट्ट्या लागल्या. पहिल्या ओळीशी ते बराच वेळ थांबले. समासात तीन शब्द आले : 'डीव्हिएट', 'डीटूर' आणि 'अ‍ॅस्ट्रे'.

"डीव्हिएट कोरडा आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "नकाशावरचा शब्द. वाकडेपणा आला पाहिजे ना त्यात." आणि तिसऱ्याभोवती गोल केला.

माझ्यापुढे कागद आला तो असा : 'आय वेंट अ‍ॅस्ट्रे ऑन अकाउंट ऑफ दॅट लेडी.'

मला तो शब्द खटकला, हे आधीच सांगून टाकते. मी तो कुठे ऐकला होता तेही मला आठवत होतं. आमच्या शाळेत एक मुलगी कुणाबरोबर तरी निघून गेली, तेव्हा हजेरीपटावरून तिचं नाव खोडताना मुख्याध्यापिकांनी हाच शब्द वापरला होता, तोंड वाकडं करून. आपण कुणाकडे मुद्दाम गेलो की म्हणतो ना, तुमच्यासाठी वाट वाकडी करून आलो, त्यातला आपलेपणा या शब्दात औषधालाही नव्हता. पाच नंबरच्या तोंडी आता असं काही आलं होतं की मी त्या बाईपायी वाईट मार्गाला लागलो.

मी मान वर केली. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण त्याच दिवशी सकाळी भाषांतऱ्यांनी स्टोअरकीपरसमोर माझा एक कागद हवेत नाचवून, "आमच्या बाईंचं स्पेलिंग म्हणजे पावसात सापडलेली रांगोळी," असं म्हटलं होतं आणि तो मेला पोट धरून हसला होता. माझ्या तळपायाची आग अजून मस्तकातच होती. मी मनात म्हटलं, एवढं येतं ना तुम्हाला, मग घ्या. आणि खटाखट टाइप करून टाकलं. 'ई' अक्षरसुद्धा त्या दिवशी एकदाही अडकलं नाही.

पाच आठवड्यांनी हुकूम आला. इंग्रजीत, दोन परिच्छेद. तो मराठीत करून सूचनाफलकावर लावायचा होता. भाषांतऱ्यांनी पट्ट्या लावल्या, आणि त्यांचाच शब्द सही-शिक्क्यासह परत त्यांच्यापुढे आला. त्यांनी तो ओळखला नाही. फटीत दिसलं तेवढं त्यांनी मराठीत केलं, आणि ते अचूक केलं. एका स्त्रीपायी आपण वाकड्या वाटेला लागल्याची कबुली चालकाने स्वतः दिली असल्याने, त्यास प्रवासी वाहतुकीवरून काढून आवारात नेमण्यात येत आहे.

हेही मीच टाइप केलं. यावेळी हात जरा थांबले होते. पण आता बोलायचं म्हणजे आधी का बोलला नाहीत, हा प्रश्न आलाच असता. मी मूग गिळून गप्प बसले.

फलक घड्याळाखाली होता, म्हणजे दिवसातून दहादा प्रत्येकाची नजर जाणार. प्लास्टर माहीत असलेले लोकसुद्धा वाचून चपापले. कोण जाणे, आपल्याला माहीत नसलेलंही काही असेल. माणसानं स्वतः लिहून दिलंय म्हटल्यावर बाकीचे काय बोलणार? दोन दिवसांत तिखटमीठ लागलं, आणि व्हाया व्हाया ते समोरच्या शिवणाच्या दुकानात पोचलं.

पाच नंबर त्या दुपारी जिना चढून वर आला. टोपी हातात.

"साहेब, मी काय लिहिलं होतं?"

भाषांतरे पट्टीवरून नजर न काढता म्हणाले, "तुम्ही लिहिलं तेच गेलं."

"तेच?"

"शब्दाला शब्द."

 माझ्याकडेही बघितलं त्याने. मी कार्बन पेपर सरळ करत बसले. मग "बरं," म्हणाला आणि खाली गेला. त्याचे पाय शेवटच्या पायरीवरून उतरल्याचं ऐकू आल्यावर भाषांतऱ्यांनी फाइल काढली. मूळ फॉर्म, माझी इंग्रजी प्रत, हुकूम, सगळे शेजारी-शेजारी मांडले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, पट्ट्या न लावता.  मग म्हणाले, "बाई, कागद चढवा. मुख्य कचेरीला पत्र लिहायचंय."

मी कागद चढवला. तो कागद चार वर्षं कोराच राहिला.

तुम्हाला वाटेल घाबरले. थोडे घाबरले होतेच. नोकरीची चारच वर्षं उरली होती, आणि ही भाषांतराची जागा हवी कशाला, असं वरून दोनदा विचारून झालं होतं. पण खरं कारण निराळं होतं. पत्रात चूक कबूल करायची, तर ती अचूक शब्दांत करायला हवी होती. वाचनालयात इंग्रजीचा एक मोठा, तीन खंडांचा कोश होता, शब्दांची कुळी सांगणारा. तो घरी नेता येत नसे. भाषांतरे शनिवारी अर्धा दिवस भरला की तिथे जाऊन बसू लागले, आणि वाचनालय रस्त्यातच असल्यामुळे त्यांची काही पंचाईत झाली नाही.

एका सोमवारी ते खोलीत शिरले तेच लकाकत्या डोळ्यांनी. मला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"ती पाटी वाचा."

खाली धुवायला लागलेल्या बसच्या कपाळावरची पाटी मी वाचली. "पाच. व्हाया बाजार चौक. यात काय वाचायचं?"

"व्हाया! व्हाया म्हणजे लॅटिनमध्ये वाट. आणि 'डी' म्हणजे त्यापासून दूर. डीव्हिएट! वाटेपासून बाजूला. बस्स, एवढंच. त्यात पाप नाही, पुण्य नाही. आपल्या प्रत्येक गाडीच्या डोक्यावर तो शब्द रंगवलेला आहे, आणि मी त्याला कोरडा म्हणालो."

"आणि दुसरा? तुमचा तो?"

त्यांचा चेहरा उतरला. "तो गुरांचा. बाहेर भटकणं, असं मूळ दिलंय. दावं तोडून गेलेलं जनावर, ज्याचा मालक सापडत नाही, त्याला तसं म्हणायचे. मी माणसाला गुराचा शब्द लावला, बाई."

"मग हेच लिहा ना पत्रात. कागद चढवलेलाच आहे."

"लिहितो. फक्त 'चूक' याला कुठला शब्द घ्यावा ते ठरत नाहीये. 'एरर' म्हणावं, तर त्याचं मूळही भटकणंच निघतं. गंमत आहे की नाही?"

मला त्यात गंमत दिसली नाही. आपल्याकडे वाट चुकते आणि माणूसही चुकतो, क्रियापद एकच. एवढ्यासाठी लॅटिनपर्यंत जायचं कारण नव्हतं. पण त्यांनी एक वही केली. त्या शब्दाचे चुलत-मावस सगळे त्यात येऊन राहिले. एक शब्द उघडावा तर त्यातून तीन निघत, त्या तिघांमागे ते जात. भरकटण्याला इंग्रजीत किती शब्द आहेत हे त्या वहीत सापडलं असतं, आणि ती लिहिणारा स्वतःच कुठल्या कुठे गेला होता. नजर भरकटू नये म्हणून पट्ट्या लावणारा माणूस! मला राग यायचा आणि दयाही यायची. पण पत्र मी स्वतः लिहून टाकावं, हे मलाही सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं.

खिडकीखाली पाच नंबर होता. धुतलेली बस पुढे घ्यायची, न धुतलेली तिच्या जागी आणायची. साठ पावलं पुढे, साठ पावलं मागे. दिवसभरात तो आवाराच्या फाटकाबाहेर जात नसे. आरसे मात्र पुसायचा, प्रत्येक गाडीचे, स्वतःच्या रुमालाने.

त्याची बायको एकदाच वर आली होती, हुकूम लागल्यानंतरच्या आठवड्यात. भाषांतरे नेमके स्टोअरमध्ये गेलेले. तिच्या बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं, काम टाकून आली होती.

"ताई, मला इंग्रजी येत नाही. एवढंच सांगा. ह्यांनी असं लिहून दिलंय?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला त्या क्षणी ठाऊक होतं. फॉर्म कपाटात, दोन हातांवर होता.

"त्यांची सही आहे खाली," मी म्हणाले.

ती मान हलवून गेली. दुसऱ्या दिवसापासून डबा तो स्वतः घेऊन येऊ लागला.

भाषांतऱ्यांचा निरोपसमारंभ झाला. हार, घड्याळ, तीन भाषणं. त्यातल्या एका वक्त्याने त्यांना खऱ्या आडनावाने हाक मारली आणि सगळे इकडेतिकडे बघू लागले. संपल्यावर ते वही काखेत मारून फाटकापर्यंत आले आणि थांबले. घर उजवीकडे. ते डावीकडे बघत होते.

"बाई, येता का? जरा वाट वाकडी करायचीय."

पाच नंबरचं घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीत खुर्च्या, आतल्या खोलीच्या दारात त्याची बायको एका शर्टाला बटण लावत बसलेली. आम्हाला बघून ती उठली नाही. पाच नंबरने पाणी दिलं. भाषांतऱ्यांनी वही उघडली, चष्मा लावला, घसा साफ केला.

"त्याचं असं आहे, की लॅटिन भाषेत..."

"साहेब," पाच नंबर म्हणाला, "थोडक्यात सांगा."

भाषांतऱ्यांनी वहीकडे बघितलं. पानं मागेपुढे केली. मग ती मिटून मांडीवर ठेवली.

"तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मी चुकीचं लिहिलं. चूक माझी आहे."

तीन वाक्यं. त्या फॉर्मच्या टिंबांच्या ओळींत मावली असती. अर्धा मिनिटही लागलं नाही त्याला, आणि चार वर्षं लागली.

 "मी उद्याच मुख्य कचेरीला कळवतो," भाषांतरे घाईघाईने म्हणाले. "तुम्हाला परत गाडीवर..."

"डोळ्याच्या तपासणीत गेल्या वर्षी नापास झालो," पाच नंबर म्हणाला. "आता आवारातच बरा."

दारातून त्याच्या बायकोचा आवाज आला. आमच्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती ती.

"कुठला पाय होता त्या बाईचा?"

"डावा."

"मोडला होता?"

"प्लास्टर होतं. गुडघ्यापर्यंत."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला माहीत असेल असं वाटलं. सगळ्यांना माहीत होतं." मग तो म्हणाला, "आणि तू विचारलं नाहीस."

ती पुन्हा शर्टाकडे वळली. सुई ओवलेलीच होती, तरी ती दोरा शोधत राहिली. आम्ही उठलो. दारापर्यंत पोचवायला दोघंही आली नाहीत, आणि यायला हवं होतं असंही मला वाटलं नाही.

परत जायला आम्हाला पाच नंबरचीच बस मिळाली. चालवणारा नवा होता, ब्रेक दणकून लावायचा. भाषांतरे खिडकीशी बसले होते, वही मांडीवर, त्यावर निरोपाचा हार. दोन थांबे गेल्यावर ते म्हणाले, "मी पट्ट्या लावून बसायचो, मला दिसलं नाही. पण टाइप तुम्ही केलं होतं. अख्खा कागद तुमच्यासमोर होता. तुम्हाला तेव्हा काही खटकलं नव्हतं ना?"

विचारण्यात आरोप नव्हता. उलट, मी नाही म्हणावं असंच त्यांना वाटत होतं. म्हणजे मग ती चूक कुणाच्याही लक्षात आली नसती अशी ठरली असती.

"नाही," मी म्हणाले.

"तेच तर," ते म्हणाले, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

पत्र दुसऱ्या दिवशी गेलं, पाच ओळींचं. मुख्य कचेरीचं उत्तर आलं नाही. आलं असतं तरी भाषांतराच्या टेबलावर आता कुणी नव्हतं. भाषांतऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली. वही त्यांच्या बायकोने माझ्याकडे आणून दिली. शब्द आणि शब्दांची कुळी, दोनशे पानं. शेवटचं पान कोरं आहे. बरेच दिवस मी ते उघडून बसते. लिहायची ओळ एकच आहे आणि तिला इंग्रजीची गरज नाही. मला तेव्हाच खटकलं होतं.